वापरा, बदला, नाव ठेवा

आमच्या शेजारच्या रामटेके सरांनी लोणचं पाठवलं की बाटलीवर चिठ्ठी असतेच : 'विषय : कैरी. कोणासाठी : ज्यांना पित्त नाही. वापरा, वाटा, हवं तर बदला. फक्त नाव ठेवा.'

"नावं ठेवायला मी तयारच आहे," आमची ही म्हणते, "मीठ किती घातलंय!"

ही सवय सरांना निवृत्तीनंतर लागली. इथे जबलपुरात आपल्या मराठी घरांतल्या मुलांना मराठी समजते, पण बोलता येत नाही. म्हणून सर छोटे छोटे पाठ स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून इंटरनेटवर ठेवतात. सगळ्यांसाठी, फुकट. प्रत्येक पाठाखाली विषय, कोणासाठी, आणि शेवटी तेच ब्रीद : बदला, पण मूळ पाठ कोणाचा ते नाव ठेवा.

"वर्णन नाही लिहिलं तर पाठ सापडन कसा कोणाले? कमानिया गेटच्या बाजारात बिनपाटीचं दुकान काढल्यासारखं होते, भैया!" सर म्हणतात.

पाठांतली मराठी मात्र कडक इस्त्रीची. एरवी दर वाक्याला 'का'च्या जागी नागपुरी 'काहून' म्हणणारे सर पाठात एकही 'काहून' येऊ देत नाहीत. एकदा चुकून आला, तर अख्खा पाठ पुन्हा म्हटला. मग त्यात माझ्या घरच्या कुकरची शिट्टी शिरली म्हणून माझ्यावर दोन दिवस रुसले.

दुःख एकच. लोक पाठ ऐकत, पण बदलून परत कोणी ठेवत नसे. "अरे, आपल्या घरचे लोक घाला त्याच्यात! तवाच तो तुमचा होते. काहून नाही बदलून राहिलं कोणी?"

काकू गेल्यापासून सर एकटेच. दिल्लीची नात फोनवर 'हो' आणि 'नाही' एवढंच मराठी बोलायची. "काहून नाही बोलत, बेटा?" असं विचारून सर फोन ठेवत, तेव्हा मला फार वाईट वाटे.

परवा त्यांनी मला हाक मारली आणि मोबाईल पुढे केला. 'घरात कोण कोण?' हा त्यांचाच पाठ, पण आवाज नातीचा : "घरात आजोबा आहे. आजोबा एकटे काहून आहे?"

खाली वर्णन : 'कोणासाठी : आजोबा. मूळ पाठ : आजोबा. बदल : मी.'

"नाव ठेवलं ना जी तिनं," सर चष्मा पुसत म्हणाले.

"ते 'काहून' काढायचं का, सर?" मला राहवेना.

"बदलता तर येते," ते म्हणाले. "मी नाही बदलून राहिलो."

आणि त्यांनी पाठ पुन्हा लावला.