गाऱ्हाण्याचं गाव

निकमकाकांकडे गाऱ्हाणं घेऊन गेलं, की ते आधी गाव विचारत. तुमचं नव्हे, गाऱ्हाण्याचं.

कार्ल्सरूहेत आमच्या वरच्या मजल्यावर त्यांची मुलगी शुभदा राहते. काका दर उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर तिच्याकडे येत. त्यांची सगळी नोकरी गावाकडं, तालुक्याच्या कोर्टात, दावे दाखल करायच्या खिडकीमागे गेलेली. जर्मनीत एकच सुप्रीम कोर्ट नाही, पाच आहेत आणि तीही वेगवेगळ्या गावांत, हे त्यांना आधी पटेचना. "एका घरात पाच चुली?" मग त्यांनी ती गावं पाठ केली आणि आम्हा सगळ्यांना त्यांत वाटून टाकलं.

घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही? "इथलंच. कार्ल्सरूहे." साहेब रजा देत नाही? "एरफुर्ट." टॅक्सची भानगड म्युनिकला, आजारपणाचा विमा कासलला, व्हिसा अडला तर लाइपत्सिश. मी भांडी घासत नाही अशी माझ्या बायकोने एकदा तक्रार केली, तर म्हणाले, "हा मूलभूत हक्काचा प्रश्न, वहिनी. त्याला सहावं कोर्ट आहे. इथंच, राजवाड्याशेजारी."

ते सहावं कोर्ट मी त्यांना दाखवायला नेलं. काचेची बैठी इमारत, आजूबाजूला हिरवळ, चिटपाखरू नाही. काका हिरमुसले. "बाहेर टायपिस्ट नाही, स्टँपवाला नाही, चहाची टपरी नाही. पक्षकारानं रडायचं कुठं ओ?" घरी येईपर्यंत ते आपल्या कोर्टाच्या आवारातल्या चिंचेखालच्या टायपिस्टांची नावं क्रमाने सांगत होते.

जर्मनमधला एकच शब्द त्यांनी उचलला होता: त्सुश्टेंडिश. म्हणजे काम ज्याच्या हद्दीतलं, तो. शुभदाने कांदे चिरायला सांगितले, की काका म्हणत, "मी त्सुश्टेंडिश नाही."

अशाच एका उन्हाळ्यात कंपनीने मला नारळ दिला. नोकरी गेली, की मागोमाग इथं राहण्याचा परवानाही धोक्यात. दाद मागायला मुदत तीन आठवडे. मी वकिलाचे पैसे वाचवायला गेलो आणि शेवटच्या दिवशी दावा टाकला तो कामगार कोर्टाऐवजी साध्या दिवाणी कोर्टात.

संध्याकाळी काकांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "इंजिनेर, हद्द चुकली की ओ! कागद परत येणार. मुदत तर गेली." त्यानंतर रोज सकाळी ते आमच्या टपालपेटीपाशी जाऊन उभे राहत.

पत्र आलं. शुभदाने काकांना मराठीत वाचून दाखवलं, "हे कोर्ट त्सुश्टेंडिश नाही. म्हणून दावा कामगार कोर्टाकडे पाठवत आहोत. तारीख पहिलीच धरली जाईल."

मी हुश्श केलं. काका मात्र पत्राकडे बघतच राहिले.

"परत नाही दिला?"

"नाही, बाबा. त्यांनीच पुढं पाठवला."

"त्यांनीच?"

मग खाली बघत ते बोलायला लागले. "हौसाबाई म्हणून एक म्हातारी आलेली. दोन एसट्या बदलून. दावा जिल्ह्याच्या कोर्टाचा, आली माझ्या खिडकीवर. मी कागद परत दिला. कायद्यानं बरोबरच होतं माझं. ती म्हणाली, बाबा, मग मी जाऊ कुठं? मागं रांग होती. मी म्हटलं, पुढचा."

पत्राची घडी घालत म्हणाले, "ती जिल्ह्याला पोचली का नाही, कुणास ठाऊक."

माझी नोकरी वाचली. काकांचे गुडघे मात्र आता विमानात साथ देत नाहीत, त्यामुळे ते येत नाहीत. माझ्या गाऱ्हाण्याला गाव विचारणारं कुणी राहिलं नाही, आणि त्याची मला फार चुटपुट लागते.

परवा घरमालकाचं हीटिंगवरून पत्र आलं. गाव मला माहीत होतं, तरी काकांना फोन लावला. मागे एसटीचा हॉर्न वाजत होता.

"कुठं आहात, काका?"

"स्टँडवर. रोज सकाळी कोर्टाच्या फाटकाशी बसतो ना मी. चुकून आलेलं कुणीतरी भेटतंच. थांबा इंजिनेर, तुमचं गाव मग सांगतो. या आजींना आधी जिल्ह्याच्या गाडीत बसवून देतो."

फोन चालूच होता. कंडक्टरला सांगणारा त्यांचा आवाज मला ऐकू येत होता, "यांना कोर्टापाशी उतरवा. आणि कुठल्या खिडकीवर जायचं, ते मी कागदावर लिहून दिलंय."