दुसरं कोण आहे?

सोमवारी सकाळी वेखंडे वारले. त्या दिवशी आमच्या केंद्रातला सामायिक प्रोग्राम उघडला गेला नाही.

तो उघडायला दोन माणसं लागत. दोन वेगळ्या विभागांची, एकाच वेळी, शेजारी शेजारी बसलेली. एकाने आपला पासवर्ड टाकायचा, मग दुसऱ्याने आपला. एकटा माणूस, मग तो कितीही मोठा शास्त्रज्ञ असो, नुसता पडद्याकडे बघत राही आणि पडदा त्याला रोमन अक्षरांतल्या मराठीत विचारी, "दुसरं कोण आहे?" वेखंड्यांनी हे मुद्दाम केलं होतं. शोकसभेत साहेब त्याला "तांत्रिक दोष" म्हणाले. प्रोग्रामचं काम दिलेली नवी कंपनी हा दोष लवकरच दूर करील, असंही म्हणाले. दोष म्हणे! मी मागच्या रांगेत होते. सभेत उठून बोलणं मला जमत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

शहापूरहून मुरबाडकडे जाताना रस्त्याला लागून आमचं भात संशोधन केंद्र आहे. मी तिथली ग्रंथपाल. केंद्रात पहिला संगणक आला तेव्हा तो ग्रंथालयात ठेवायचं ठरलं. "तिथे कुणी फिरकत नाही, धूळ कमी," असं कारण साहेबांनी दिलं, माझ्यासमोर. संगणकापाठोपाठ वेखंडे आले. सापगावच्या शेतकरी घरातले, संख्याशास्त्र शिकलेले, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद आणि कपाळाला कायमची आठी.

त्यांना काम दिलं होतं ते असं. मृदा विभागाचे आकडे एका प्रोग्राममध्ये, कीटक विभागाचे दुसऱ्यात. दोघांची सरासरी काढायची रीतसुद्धा निराळी. या सगळ्यांचा मिळून एकच प्रोग्राम लिहायचा.

"दोघांच्या चुली दोन, आन मला सांगतात भात एकच शिजव," वेखंडे पहिल्याच दिवशी म्हणाले. मला वाटलं, माझ्याशी बोलतायत. ते संगणकाशी बोलत होते.

त्या सुमारास मृदा विभागाचे डॉ. पेंढारकर आणि कीटक विभागाच्या डॉ. सावंत यांनी मिळून एक शोधनिबंध तयार केला होता. चार नंबरच्या खाचरातली माती सगळ्यात कसदार, आणि खोडकिडाही तिथेच सगळ्यात जास्त, तेव्हा या दोन्हींचा काही संबंध असावा, असं त्यात होतं. वेखंड्यांनी दोघांचे आकडे एकत्र केले आणि उठून उभे राहिले. एकाच आठवड्यात पेंढारकरांच्या चार नंबरमध्ये गुडघाभर पाणी होतं आणि सावंतबाईंचा चार नंबर कोरडा होता.

त्यांनी दोघांना भर उन्हात बांधावर नेलं. मीही गेले, कारण इतकं चिडलेलं माणूस मी ग्रंथालयात कधी पाहिलं नव्हतं.

"दाखवा चार नंबर," वेखंडे म्हणाले.

पेंढारकरांनी ओहोळाकडे बोट केलं. सावंतबाईंनी रस्त्याकडे.

मला हसू आलं. वेखंडे बांधावर बसले.

"मॅडम, तुमी जीपमधून उतरता, म्हणून रस्त्याकडून मोजता. सर, तुमी ओहोळाकडून येता, म्हणून तिकडून मोजता. रोज एका टेबलावर जेवता. हे यांच्या डब्यातली भाजी खातात, ह्या यांच्या डब्यातलं लोणचं खातात. तुमचा चार नंबर कंचा, येवढं नाय विचारलं कधी?"

"नंबर देणं हे मृदा विभागाचं काम आहे," पेंढारकर म्हणाले.

"कुणी सांगितलं?" सावंतबाई म्हणाल्या.

"शेजारी बसा," वेखंडे म्हणाले. "आधी शेजारी बसा, मग भांडा."

प्रोग्राम तयार झाला तो हा नियम घेऊनच. केंद्रात हलकल्लोळ झाला. पेंढारकरांनी साहेबांकडे तक्रार केली. सावंतबाईंनी आपला पासवर्ड पेंढारकरांना सांगून टाकला, म्हणजे शेजारी बसायला नको. या एका बाबतीत दोन्ही विभागांचं तत्काळ एकमत झालं. वेखंड्यांना ते कळलं. तेव्हापासून दर आठवड्याला ते नवे पासवर्ड देऊ लागले, मुंजीत मंत्र सांगतात तसे, प्रत्येकाच्या कानात. सावंतबाई कान पुढे करताना डोळे मिटून घेत.

पण दोघांना शेजारी बसावं लागलं, आणि एकदा बसल्यावर न बोलता किती वेळ बसणार? "अहो, हा आकडा कसला?" असं एक विचारी. दुसरा कपाळाला हात लावी. वर्षानुवर्षांच्या चुका अशा निघाल्या. त्याबद्दल शोकसभेत कुणी अवाक्षर काढलं नाही.

सुटीच्या दिवशी मात्र अडचण होई. रविवारी एखादाच शास्त्रज्ञ येई आणि जोडीला कुणी नसे. मला पासवर्ड नव्हता. मग मी, केंद्राच्या आवारातच राहते म्हणून, सापगावला फोन करी. वेखंडे सायकल मारत येत आणि दारातूनच सुरू होत.

"आठवड्याचा एक दिवस सुखानं बसू देत नाय तुमी लोक. काय समजता काय? आमाला घरदार नाय?"

मग दुसऱ्या खुर्चीत बसून आपला पासवर्ड टाकत. तिथे त्यांचं काम संपे. ते जात नसत. पुडीतले शेंगदाणे मध्ये ठेवून संध्याकाळपर्यंत बसत आणि शेजारच्या माणसाच्या आकडेमोडीवर चिडत.

तेराव्याला मी सापगावला गेले. वेखंड्यांचं घर बंद होतं. पानं शेजारच्या घरी मांडली होती. मी फोन करी तो याच घरी. स्वतःचा फोन वेखंड्यांनी कधी घेतलाच नाही. मोबाईल आले, तरी नाही.

"रविवारी तुम्हाला त्यांचा त्रास होत असेल," मी त्या घरच्या वहिनींना म्हटलं. "फोन आला की बोलवायला जायचं."

"बोलवायला कशाला जायाचं?" त्या म्हणाल्या. "भावजी हितंच असायचं. सकाळीच आंघोळ करून, पँट-शर्ट घालून, बूट चढवून आमच्या ओटीवर येऊन बसायचं. हातात पेपर. फोन वाजला का पयलं तेच उठायचं. दुपारपरेंत नाय वाजला, तर बोलायचं, आज साहेबलोकांना काम नाय वाटतं. मंग घरी जाऊन कपडे बदलायचं."

मी पुढ्यातलं जेवले.

गेल्या महिन्यात कंपनीचा माणूस आला आणि चहा गार व्हायच्या आत नियम काढून गेला. पडदा आता काही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप घेऊन शिपाई आला, संगणकापुढची जादा खुर्ची सभागृहात न्यायची म्हणून. मी जागेवरून उठेपर्यंत पेंढारकरांनी, पडद्यावरची नजर न काढता, तिच्या पाठीवर हात ठेवला.

"राहू दे ती."

प्रोग्राम आता एकट्याला उघडता येतो. त्याच्यापुढे खुर्च्या दोन आहेत.