टाचा आत, पंजे बाहेर

मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. पण तर्कशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसाला कुठल्याही प्रश्नाच्या दोन्ही बाजू इतक्या स्वच्छ दिसतात, की शेवटी त्याच्या तोंडून समोरच्याचंच उत्तर बाहेर पडतं. माझी नात मालू म्हणाली, "आजोबा, मी बॅले शिकू?" मी दोन्ही बाजूंचा विचार केला आणि म्हणालो, "शीक."

बॅले, आणि तोही पनवेलला! झालं होतं असं, की भामाबाई नावाच्या एका बाईंचा नवरा पूर्वी भिलाईच्या पोलाद कारखान्यात होता. तिथल्या एका रशियन इंजिनिअरच्या बायकोकडून बाई हा नाच शिकल्या. नवरा नोकरी बदलून इकडे आल्यावर त्यांनी एका बंद पडलेल्या भात गिरणीच्या गोदामात नृत्यशाळा काढली. भिंतीला आडवा बांबू ठोकला, की झालं मॉस्को.

मालूचे आईवडील जबलपूरला. ती शिक्षणासाठी आमच्याकडे, म्हणजे जबाबदारी आमची. म्हणून सोबतीला मी गेलो आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो.

"इथे बघे चालत नाहीत," भामाबाई म्हणाल्या. "बाहेर थांबा, नाहीतर बांबू धरा."

बाहेर खेकडे-चिंबोऱ्या विकणारी सखूबाई पाटी मांडून बसली होती. नेहमीची ओळखीची. आपण इथे कशाला आलोत हे तिला समजावून सांगण्यापेक्षा बांबू बरा, असं मला वाटलं. (आयुष्यातले माझे सगळे निर्णय असेच झाले आहेत. लग्नसुद्धा.)

"टाचा जुळवा. पंजे बाहेर. आणखी बाहेर! घड्याळात पावणेतीन वाजतात ना, तसे!"

"बाई, माझं वय..."

"प्लिए!"

रशियन नाचातल्या आज्ञा फ्रेंचमध्ये का, हे विचारायला मी तोंड उघडलं, तोवर गुडघे वाकले होते. मी खाली गेलो. वर येणं तेवढं राहिलं. खिडकीतून सखूबाईने हाक मारली, "ओ मास्तर, पाय अडकला हाय काय? आमी वढू?"

घरी ‘मालूला घेऊन फिरायला जातो’ असं सांगितलं होतं. "असे कुठवर जाता हो रोज? पाय धरून बसता मग," बायको म्हणायची. "पळस्प्यापर्यंत," मी म्हणायचो. पळस्प्याच्या नावाने मला रोज लसणीच्या तेलाचं मालीश होऊ लागलं.

अशात पेणचं स्थळ आलं. मुलगा ओव्हरसिअर. मालूने आजवर आलेला प्रत्येक फोटो बघून पालथा घालून ठेवला होता. हा मात्र उशीखाली गेला. बायकोने मला बाजूला घेतलं. "हे जमलंच पाहिजे. पोरीच्या मनात भरलंय. तुम्ही फक्त बोलू नका."

मुलगा, त्याचे वडील आणि आत्या गंगाबाई आले. पोहे आले, शिवण-टिपण विचारून झालं. मग आत्याबाई म्हणाल्या, "जरा दारापर्यंत चालून दाखव हो, मुली."

मालू उठली. आणि मला धक्काच बसला. हिरव्या साडीच्या काठाखालून दोन पावलं दोन दिशांना निघाली होती. एक पेणकडे, एक कर्जतकडे. तळ्यावरचं बदक याहून सरळ चालतं.

"परत चाल बरं."

ती परत चालली. जपून चालली, त्यामुळे आणखी वाईट.

"दादा, पायात खोट आहे हिच्या," आत्याबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजल्या. बायकोचा चेहरा पांढरा पडला. मालूने मान खाली घातली. मला राहवलं नाही.

"खोट कसली! साडीमुळे तसं दिसतं. आमच्या घरात सगळ्यांचीच चाल सरळ आहे. हे बघा!" असं म्हणून मी ताडताड दाराकडे निघालो. निम्म्या वाटेत सगळ्यांच्या नजरा माझ्या पायांवर खिळल्या. मी खाली पाहिलं. पावणेतीन.

"अगं बाई! म्हणजे हे रक्तातच आहे!"

"नाही हो!" बायको कळवळली. "आमच्या लग्नात चांगले चालत होते! मी पाहिलंय ना!" मग माझ्याकडे वळून, "अहो, हे कधी झालं तुम्हाला?"

"म्हणजे, एका बाजूने पाहिलं तर..."

"आम्ही बॅले शिकतो," मालू म्हणाली. "मी आणि आजोबा."

"काय शिकता?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाच."

"हे?" बायकोने माझ्याकडे बोट केलं. त्या क्षणी मी खरोखरच लंगडा असतो तर बरं झालं असतं.

मुलगा पहिल्यांदाच बोलला. "दाखवता का जरा?"

मालूने पदर खोचला, टाचा उचलल्या, एक पाय मागे सरळ नेला आणि हात पुढे केला. आमची ती कोंदट खोली मला एकदम उंच वाटली. पोर इतकी सुंदर दिसली, की मी बायकोलाही विसरलो. तेवढ्यात साडी पायात आली. "आजोबा, हात!"

मी हात दिला. पण हात पुढे गेला की पाय मागे न्यायचा, ही भामाबाईंची शिस्त अंगात मुरलेली. माझा पाय मागे गेला आणि आत्याबाईंच्या बशीला लागला. पोहे छपरापर्यंत उडाले. खोबरं सावकाश उतरून आत्याबाईंच्या अंबाड्यावर बसलं.

मुलगा हसला. मालूही, एका पायावर. बाकी कोणी नाही. मंडळी चहा न घेताच गेली.

त्यानंतर बायको माझ्याशी बोलेना. मालू उशीखालचा फोटो काढून बघायची आणि परत ठेवायची. एका संध्याकाळी मुलाचे वडील एकटेच दारात उभे राहिले.

"मुलगी पसंत आहे," ते म्हणाले. "मुलगा म्हणतो, करीन तर हिच्याशीच. नाच पुढे चालू ठेवू दे, तेही कबूल. पण आमच्या गंगाची एक अट आहे."

मी विचारलं, "काय द्यावं लागेल?"

"द्यायचं काही नाही. तुम्ही मांडवात चालायचं नाही. अक्षता पडेपर्यंत खुर्चीतच बसायचं. कोणी विचारलंच, तर आजोबा पायांनी अधू आहेत असं आम्ही सांगू."

मी अजून ‘पण’ शोधतच होतो, तोवर स्वयंपाकघरातून कित्येक दिवसांनी बायकोचा आवाज आला.

"कबूल! खुर्ची तुमच्याकडची. बांधायला दोरी आमच्याकडची."