झारियाहून आलेली तलवार

मालम दाहिरूला तलवार पाहिजे होती, जुनी पाहिजे होती, आणि मोठ्या ईदेच्या आत पाहिजे होती. ईदेला नऊ दिवस उरले होते.

मालम म्हणजे गुरुजी, आमच्याकडे मानाने म्हणतात. तीस वर्षं तो कानो शहरातल्या बड्या लोकांच्या अंगरख्यांवर भरतकाम करत आला होता. ईदेच्या दुसऱ्या दिवशी घोड्यांची स्वारी निघाली की तो रस्त्याच्या कडेला उभा राही. तो माणसं बघत नसे, टाके बघत असे. हा गळा माझा, ती बाही माझी, त्या पोटावरची वेलबुट्टी माझी. पोट तेवढं दुसऱ्याचं. आमच्याकडे घोड्यावर बसायला खानदान लागतं. अंगरखा भरायला नुसते डोळे लागतात, आणि ते गेले की दुसऱ्या कुणाचे तरी मिळतात. ही गोष्ट कानोत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही.

यंदा आमच्या भागाच्या सरदारांच्या पुढच्या रांगेतला एक खानदानी स्वार मोटारसायकलवरून पडला आणि पाय मोडून बसला. त्याच दिवशी दाहिरू नवा अंगरखा घेऊन सरदारांच्या वाड्यावर गेला होता. सरदारांनी तो चढवला, आरशात मागून-पुढून बघितला आणि खुशीत म्हणाले, "दाहिरू, बसतोस का रे घोड्यावर?"

विचारलं होतं गमतीत. दाहिरूने उत्तर दिलं खरं. "बसतो, सरकार. मामाच्या गावी रोज बसत होतो."

सरदारांना आता मागे फिरता येईना. "बरं. घोडा माझा. कपडे तुझे. तलवार तुझी."

"शिंप्याची तलवार म्हणजे कात्रीच की, सरकार," शामाकी म्हणाला. शामाकी म्हणजे सरदारांच्या तबेल्याचा प्रमुख. त्या रिकाम्या जागेवर त्याने मनातल्या मनात आपला जावई बसवूनसुद्धा टाकला होता. तो दाहिरूकडे वळला. "ईदेच्या दोन दिवस आधी मला तलवार आणून दाखव. नसली तर सांग. कपडे भरणाऱ्यासाठी रांग मोकळी ठेवता येत नाही."

दाहिरू घरी आला तो जेवलाच नाही. शेजारचा लोहार इरो म्हणाला, "ट्रकच्या पाट्याची करून देतो ना. पण नवी ती नवीच दिसणार. शामाकी लांबूनच ओळखेल."

"मग तर तो म्हणेल काल विकत घेतली."

"म्हणेल. आणि घेतलेली असेलच की."

दाहिरूची बायको तलातू फोनवरून लुगडी विकत असे. तिने फोनवर शोधलं आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या नाकासमोर तो धरला. "अहो, ही बघा."

पितळेची मूठ, लाल कातड्याचं म्यान, म्यानाला काळा गोंडा. खाली लिहिलं होतं: आजोबांची तलवार, विकणे आहे, सांबो, झारिया.

"झारिया," दाहिरू म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

कानो आणि शेजारच्या झारिया शहराच्या लोकांचं थट्टेचं नातं आहे. ते आजोबांच्या आजोबांपासून चालत आलंय. झारियाचा माणूस कानोच्या माणसाला भर बाजारात कंजूस म्हणेल, त्याच्या ताटातलं मटण उचलून खाईल. कानोचा माणूस त्याला आपला पळून गेलेला गुलाम म्हणेल. कुणी रागवायचं नाही. रागावला तो हरला. मयताच्या घरीसुद्धा ही थट्टा थांबत नाही, आणि दुःखातल्या माणसाला तिचा आधारच वाटतो. त्यामुळे झारियाच्या माणसाशी बोलायचं म्हणजे काय, हे दाहिरूला शिकवायला नको होतं. त्याने फोन लावला.

"सलाम. तलवारीसाठी बोलतोय. कानोहून."

"कानो?" सांबो म्हणाला. "मग आधी पैसे पाठवा. मग बोलू."

"गुलामाला आवाज फुटला वाटतं."

"मालक, तुम्ही आमच्याकडं उष्टं मागायला यायचात, तेव्हापासून आहे आवाज."

दोघे पोट धरून हसले. मग सांबो म्हणाला, "थट्टा बाजूला ठेवा, मालम. ही तलवार तुमच्या कामाची नाही. आत वीतभरच पातं आहे. बाकीचं मोडलंय."

दाहिरूच्या हातातली सुई खाली पडली, इतका तो हसला. "झारियावाल्यांकडं अख्खी वस्तू कधी होती?"

"अल्लाशपथ सांगतो. आणि ते वीतभरसुद्धा गंजून आत रुतलंय. ओढलं तर निघत नाही. फोटोत म्यानच दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय."

"मग? पातं असतं तर दाखवलं नसतं का?"

"वा," दाहिरू म्हणाला. "बोलतोस छान. किंमत सांग."

"दोन हजार नायरा. मुठीच्या पितळेचे."

आता दाहिरूची खात्रीच पटली. आजोबांची तलवार दोन हजाराला कोण देतो? दोन हजारात धड दोन माणसांचं जेवण होत नाही. हा माणूस कानोच्या कंजूसपणावर बोट ठेवत होता. दाहिरू ताठ बसला.

"कानोचा माणूस फुकट घेत नाही. पन्नास हजार."

"मालम, वेड लागलंय का? दोन."

"पंचेचाळीस."

"बरं, पाच द्या, तुमचं मन राहू दे."

"चाळीस. याच्या खाली मी एक पैसा ऐकणार नाही," दाहिरू म्हणाला आणि फोन ठेवून लगेच पैसे पाठवून दिले. कानोच्या बाजारात असा सौदा आजवर झाला नसेल.

"काय म्हणाला?" तलातूने विचारलं.

"म्हणाला, मोडकी आहे." दाहिरू डोळे पुसत होता. "फार विनोदी माणूस आहे."

ईदेच्या दोन दिवस आधी झारियाच्या गाडीच्या ड्रायव्हरने पोत्यात गुंडाळलेली तलवार अड्ड्यावर आणून दिली. दाहिरूने पोतं तिथंच फेकलं. घरी जावं, काढून बघावं, पुसावं, असं कुणालाही सुचलं असतं. त्याला ते सुचलं नाही, कारण तीस वर्षं वाट बघितलेल्या माणसाला घर दिसत नाही. तो तलवार खांद्याला लावून बाजारातून चालत सरळ सरदारांच्या अंगणात गेला.

सरदार चटईवर ताकात कालवलेला बाजरीचा फुरा पीत बसले होते. शामाकी घोड्याचे खूर बघत होता. त्याने तलवार हातात घेतली, मूठ फिरवली, कातड्याचा वास घेतला. जुनी होती.

"काढ बघू," तो म्हणाला.

दाहिरूने मूठ धरून ओढली. ती हलली नाही. त्याने हळूच, कुणाला कळणार नाही असं, पुन्हा ओढली. मानेवरच्या शिरा फुगल्या. तलवार काही हलली नाही, आणि त्या क्षणी झारियाचा आवाज त्याच्या कानात स्पष्ट बोलला: ओढलं तर निघत नाही.

"काय झालं?" शामाकी म्हणाला.

"उगाच काढत नाही ती," दाहिरूच्या तोंडून निघून गेलं. "या तलवारीची रीत आहे. बाहेर आली की रक्त मागते. माझ्या आजोबांनी दोनदाच काढली."

आजोबा रंगाऱ्याच्या खड्ड्यात कापड निळं करायचे आणि मरेपर्यंत त्यांचे हात निळे होते. पण सरदारांनी फुऱ्याचं भांडं खाली ठेवलं होतं.

"मग आता कधी काढणार?"

"राजवाड्यापुढच्या सलामीला, सरकार."

"माझ्या उजव्या हाताला राहशील," सरदार म्हणाले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट निम्म्या शहराला माहीत झाली. स्वतः सरदारच ती सांगत सुटले होते.

घरी आल्यावर दाहिरूने दार लावलं आणि मूठ धरली. तलातूने म्यान धरलं. दोघे अंगणभर एकमेकांना ओढत फिरले. मग भुईमुगाचं तेल ओतलं. मग तुवोच्या घट्ट लापशीच्या उकळत्या भांड्यावर वाफ दिली. त्याने म्यानाला शिजल्याचा वास आला, बाकी काही झालं नाही. शेवटी भिंतीवरून इरो लोहाराला हाक मारली. इरोने पाय रोवले, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि असा हिसका दिला की तलवार सुटली आणि इरो मागच्या मागे ईदेच्या मेंढ्यावर जाऊन पडला. मेंढ्याने आपलं मत ताबडतोब शिंगांनी कळवलं.

इरो कंबर चोळत उठला. त्याच्या हातात मूठ होती. मुठीला वीतभर पातं होतं, पुढे मोडलेलं, तपकिरी.

मेंढा पुन्हा पाला खायला लागला.

"कांदा चिरायला बरं आहे," तलातू म्हणाली. मग तिने नवऱ्याकडे नीट बघितलं. "म्हणजे तो बिचारा खरं सांगत होता."

"शब्दन् शब्द."

"आणि तुम्ही हसत होता."

"झारियाचा माणूस, अगं. झारियाचा माणूस खरं बोलेल असं कोण धरून चालतं?"

इरोने म्यानात डोळा घालून बघितलं. "नवं पातं बसवायला चार दिवस. म्यान आतून वाकडं आहे."

"माझ्याकडं तीनच आहेत."

"मग शामाकीला जाऊन सांग."

दाहिरूने तलवार परत म्यानात घातली. "त्याला नाही सांगणार," तो म्हणाला. "घोड्यावरून पडेन. पण रस्त्याच्या कडेला पुन्हा उभा राहणार नाही."

ईदेच्या दुसऱ्या दिवशी स्वारी निघाली. आमच्या शहरात त्या दिवशी भिंतींनाही माणसं लटकलेली असतात. ढोल, शिंगं, धूळ, बंदुकीचे बार, घोड्यांच्या गळ्यातल्या घंटा. सरदारांच्या उजव्या हाताला, निळ्या अंगरख्यात, दाहिरू. तो अंगरखा त्याने स्वतःसाठी भरला होता, आणि मी बिनदिक्कत सांगतो, त्या दिवशी अख्ख्या स्वारीत त्याच्या तोडीचा दुसरा अंगरखा नव्हता. बायका छतांवरून आरोळ्या देत होत्या. त्याच्या गल्लीतले लोक त्याच्या नावाने ओरडत होते. दाहिरूची मान अशी ताठ होती की पागोटं हललं नाही. मांडीजवळ तलवार होती आणि तो तिच्याकडे एकदाही बघत नव्हता.

दिवसभर सगळे एकच विचारत होते: रक्त मागणारी ती हीच का?

चामड्याच्या बाजाराच्या वळणावर रांग थांबली. तेवढ्यात गर्दीतून एक लुकडा माणूस पुढे घुसला. त्याच्या हातात नोटांची पुरचुंडी होती. त्याने दाहिरूला कधी पाहिलेलं नव्हतं. पण तलवार त्याच्या आजोबांची होती, ती त्याने लगेच ओळखली.

"मालम दाहिरू," तो ओरडला. "मी सांबो. तुमचे अडतीस हजार परत घ्या, मला झोप येत नाही. किती वेळा सांगितलं तुम्हाला, आत वीतभरच पातं आहे म्हणून."

ढोल नेमका त्याच वेळी थांबला होता. सगळ्यांनी ऐकलं. सरदारांनी ऐकलं. शामाकीने तर दोनदा ऐकलं असावं, कारण त्याच्या चेहऱ्यावर दिवाच लागला.

कडेच्या एका म्हाताऱ्या मटणवाल्याने सांबोला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुठला रे तू?"

"झारियाचा."

आणि अख्खा बाजार हसायला लागला. लोक मांड्या थोपटून हसले. "झारियाचा आहे, झारियाचा." "अरे, याचे पैसे घ्या कुणीतरी, कानोवाल्याला पैसे परत करतोय." "उद्या म्हणेल घोडासुद्धा अर्धाच आहे."

"अल्लाशपथ," सांबो म्हणाला.

लोक अजून हसले.

शामाकीने घोडा जवळ घातला. "दाहिरू, काढ. आत्ता. बघू दे सगळ्यांना."

सरदार वळले. "शामाकी," ते शांतपणे म्हणाले, "झारियावाल्याच्या सांगण्यावरून कानोची तलवार तपासायची? भर रस्त्यात? माझ्या रांगेतली?"

शामाकीने लगाम ओढला आणि मागे गेला. तो दिवसभर मागेच राहिला.

राजवाड्यापुढे रांग सुसाट सुटली आणि राजाच्या छत्रीपासून दहा पावलांवर एकदम थांबली. धूळ उडाली, तीस तलवारी नागव्या वर गेल्या. एकतिसावी म्यानासकट वर गेली. धूळ खाली बसल्यावर सरदारांनी तिरकं बघितलं. "दाहिरू, सलामीला काढणार होतास ना?"

दाहिरूचा हात वरच होता.

"काढणार होतो, सरकार. आता काढली तर झारियावाला म्हणेल, मी बोललो म्हणून काढली."

सरदारांनी थोडा वेळ विचार केला. "खरं आहे," ते म्हणाले. "त्यांना तेवढं समाधान कशाला?" आणि तिथल्या तिथे त्यांनी पुढच्या वर्षीची उजवी बाजू दाहिरूला देऊन टाकली.

दाहिरू घरी पोचला तेव्हा सांबो अंगणात चटईवर बसला होता आणि मेंढ्याचं डोकं खात होता. थट्टेच्या नात्यातला तो त्याचा हक्कच होता, आणि तलातूने त्याला शोरबाही वाढला होता.

"गुलाम," दाहिरू म्हणाला.

"मालक," सांबो म्हणाला आणि पुरचुंडी पुढे केली. "तुमच्या शहरात खरं बोलून आज माझा घसा बसला."

दाहिरू त्याच्या शेजारी बसला. त्यानेही ताटात हात घातला. नोटा मध्ये पडल्या होत्या.

"पुढच्या वर्षीही मी उजव्या बाजूला आहे," दाहिरू म्हणाला. "तेव्हा काढावीच लागणार."

"बाकीचं पातं आहे की," सांबो म्हणाला.

"काय?"

"मोडलेलं. माझ्या चुलत भावाकडं. कणसं कापायला वापरतो. तो विकतोय, फोनवर टाकलंय."

दाहिरूने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तीस वर्षं डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून तो खरं रेशीम आणि खोटं रेशीम सांगत आला होता. या चेहऱ्यावरून त्याला काही सांगता येईना. सांबो शांतपणे मेंढ्याचा कान चावत होता.

"थट्टा करतोयस."

"अल्लाशपथ."

"किती म्हणतो तुझा भाऊ?"

"तीन हजार."

दाहिरूने पुरचुंडी उचलली आणि सांबोच्या मांडीवर ठेवली. "अडतीस," तो म्हणाला. "याच्या खाली मी ऐकणार नाही."