भुताच्या पिच्चरवर अप्पांच्या पाकळ्या

आमच्या शेजारच्या शिवलिंगअप्पांनी एकदा वर्षश्राद्धाच्या व्हिडिओवर गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या होत्या. थोड्याथोडक्या नाही, पडदा भरून. भिंतीवर म्हाताऱ्याचा हार घातलेला फोटो, समोर डोळ्याला पदर लावून बसलेल्या लेकी, आणि वरून आपल्या पाकळ्या पडतायत त्या पडतायतच. घरच्यांनी बिचकत विचारलं, तर अप्पा म्हणाले, "मानूस चांगला व्हता का न्हाई? मग त्याच्यावर न्हाई पडायच्या तर कुणावर पडायच्या?" घरच्यांना ते पटलं. अप्पांचं बोलणं लोकांना पटतं, हीच त्यांच्या धंद्यातली खरी भानगड आहे.

केजच्या बाजारात त्यांचं फोटोचं दुकान आहे. लग्न, बारसं, वास्तुशांती, पोळ्याच्या बैलांची मिरवणूक, जे असेल त्याची शूटिंग करायची आणि मग दुकानात बसून मिक्सिंग करायचं. शहरातले लोक ज्याला एडिटिंग म्हणतात, त्याला आमच्याकडं मिक्सिंग म्हणतात. माझ्या बारशाचं मिक्सिंग अप्पांनीच केलंय. त्यात मी पाळण्यातून उडून ताजमहालावर जाते आणि तिथून एका कमळात उतरते. आई अजूनही पाहुण्यांना ते कौतुकानं दाखवते आणि मी अजूनही उठून आत जाते.

मिक्सिंगमध्ये अप्पांचे नेम फार कडक. अंधार चालत नाही. "अंधार बघायला कुणी पैसे देतंय का? लाईट गेली की फुकटात दिसतंय." रिकामी खुर्ची दिसली तर तेवढा तुकडा कापायचा, कारण यजमानाची शोभा जाते. आणि नाव कुणाचंच सुटता कामा नये. वडवणीच्या एका लग्नात नवरीच्या थोरल्या मामाचं नाव व्हिडिओत यायचं राहिलं. मामानं चारचौघांत अप्पांना विचारलं, "काहून रं, मी काय मांडवात वांगी चिराया आलतो?" तेव्हापासून अप्पा कुठलंही काम घेताना पहिला प्रश्न विचारतात, "मामा कोण हाय?"

अशा माणसाकडं मी भुताच्या सिनेमाची टायटल्स घेऊन गेले, म्हणजे माझी वेळच तशी आली होती.

मी बीडच्या एका कॉलेजात मास कम्युनिकेशन शिकते. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. आमच्या सरांनी मला दिला भयपटाचा टायटल सिक्वेन्स, म्हणजे सिनेमा सुरू होण्याआधी नावं येतात तेवढाच भाग. सिनेमा करायचा नाही, फक्त नावं, आणि ती वाचताना माणूस भ्याला पाहिजे. माझ्या लॅपटॉपवर दोन क्लिप जोडल्या की तो स्वतःच मेल्यासारखा पडून राहायचा. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधीच सांगून ठेवलं होतं, यात नापास झालीस तर गुमान बी.एड. धर. मला भुतापेक्षा बी.एड.चं भ्या जास्त होतं, म्हणून मी अप्पांच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन उभी राहिले.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा कपाळावर चढवला.

"पिच्चर न्हाईच?"

"नाही."

"नुस्ती नावं?"

"हो."

"लगनाचा पत्ता न्हाई आन् पत्रिका छापायची!" ते खुदकन हसले. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "बरं. मामा कोण हाय?"

त्यांनी कॉम्प्युटर द्यायचं कबूल केलं, पण एक अट घातली. संकलन म्हणून त्यांचं नाव टाकायचं, मोठ्या अक्षरात, आणि झालं की कमलकाकूंना पाठवायचं. कमलकाकू म्हणजे अप्पांची बायको. नातवाला सांभाळायला त्या महिनाभरासाठी म्हणून पुण्याला लेकाकडं गेल्या आणि तिकडंच राहिल्या. लेकरू लहान, सून-लेक दोघंही सकाळीच कामाला निघतात, पाळणाघर परवडण्यासारखं नाही. "येईल की पंचमीला," असं अप्पा सगळ्यांना सांगतात.

"कमलनं माझं येकबी मिक्सिंग पुरतं बघितलेलं न्हाई," अप्पा म्हणाले. "तीन तासाची क्यासेट. वरमाईचे पाय धुतेत तवर हिचं घोरणं सुरू. तुझं किती मिनटाचं हाय?"

"दीड."

अप्पांचा चेहरा उजळला. "मग बघंल! दीड मिनिट तर ती कशीबी जागी राहती."

अशी आमची जोडी जमली. माझ्या सिनेमाचं नाव होतं 'कडी'. एक रिकामं घर, मागचं दार, आणि दाराची कडी आपोआप हलते. घर अप्पांचंच घेतलं, कारण त्यांच्या मागच्या दाराला जुनी लोखंडी कडी आहे आणि अप्पांशिवाय घरात माणूस नाही. मला हवं होतं ओसाड, धुळकट, अंधारं. मी कॅमेरा घेऊन गेले तर अप्पांनी पहाटे उठून फरशी पुसली होती, दाराला तोरण बांधलं होतं, दोन्ही ट्यूबा लावल्या होत्या आणि फळीवरचे पितळी डबे चिंचेनं घासून चकचकीत करून ठेवले होते.

"अप्पा, इथं भूत राहतंय!"

"मग? भुताला काय उकिरड्यात ठिवतेत व्हय? घर पिच्चरमधी येतंय म्हणल्यावर लोक काय म्हणतील?"

मी ट्यूबा बंद केल्या. त्यांनी मिक्सिंगमध्ये उजेड वाढवला. मी कमी केला, चहाला गेले, आले तर परत दिवाळी. सुरुवातीला त्यांनी गणपती बसवला. मी म्हटलं, अप्पा, भुताचा सिनेमा आहे. ते म्हणाले, "मग तर पाह्यजेच." कलाकारांची नावं मी मनानं रचली होती, त्याचा तर त्यांनी जिवाला घोर लावून घेतला. ही माणसं आहेत कुठं, कुणाच्या नात्यातली, उद्या एखादा उठून म्हणाला की माझं नाव बारीक काढलं, तर जबाबदार कोण? ही माणसं जगात नाहीतच, असं मी समजावलं. मग अप्पांनी सगळ्यांची नावं एकाच मापाची करून टाकली.

शेवटी तोडगा निघाला. गणपती मी काढला, पाकळ्या त्यांच्या राहिल्या, फक्त रंग काळपट लाल केला म्हणजे रक्तासारख्या दिसतील. दिसल्या नाहीत. काळपट पाकळ्यांसारख्याच दिसल्या.

आता राहिला आवाज. सरांनी बजावलं होतं, गाण्याचा वापर करू नका, रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो, तो रेकॉर्ड करून आणा. हे ऐकून अप्पांना माझी कीवच आली.

"शांतता रेकाड करायची?"

"हो."

"आमी लगनातला आवाज पुसून त्याच्यावर बँड टाकतो, आन् तुमी बँड सोडून शांतता टाकताव. फी भरून हेच शिकिवतेत का?"

पण घर त्यांनी उघडून दिलं. दुपारी ते दुकानात असताना मी माझा फोन रेकॉर्डिंगला लावून स्वयंपाकघरात फळीवर डब्यांच्या मागं ठेवला आणि जेवायला घरी आले. अप्पांना बजावलं होतं, आज दुपारी घरी फिरकू नका. ते हो म्हणाले होते. पण जेवायच्या वेळेला त्यांचे पाय घराकडं वळले ते वळलेच, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून आम्ही ते रेकॉर्डिंग लावलं. आधी फ्रीजची घरघर. मग पारवा. कुठंतरी लांब मोटर. मी खूश होते, सरांना हवं तसं सुनसान वाटत होतं. आणि मग कडी वाजली.

मी खुर्चीत दचकले. चपला काढल्याचा आवाज आला. तांब्यात पाणी घेतल्याचा. मग अप्पांचा आवाज, दुकानात कधी ऐकला नव्हता इतका मऊ.

"आलो गं."

थोडी शांतता. ताट ठेवल्याचा आवाज.

"वरण आज पातळच झालंय बघ. तुझ्यासारखं न्हाई जमत." परत शांतता. "तू जेवलीस का?" मग पुष्कळ वेळ काहीच नाही, नुसता फ्रीज. बोलणाऱ्यानं उत्तराला जागा सोडावी तेवढा वेळ. आणि मग, "बरं, बरं," म्हणून ते हसले. कुणीतरी काहीतरी चेष्टेनं बोलावं आणि आपण हसावं, तसं.

माझ्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगते, त्याच क्षणी डोक्यात हेही आलं की प्रोजेक्ट झाला. रिकामं घर, हलणारी कडी आणि दिसत नसलेल्या माणसाशी बोलणारा हा आवाज. सर काय, अख्खा वर्ग गार पडला असता. मी हळूच अप्पांकडं पाहिलं. ते लेन्स पुसत होते. पुसून झालेली लेन्स परत पुसत होते.

"आवाज कमी कर. गिऱ्हाईक येतंय," ते म्हणाले. गिऱ्हाईक कुणी येत नव्हतं.

मी आवाज कमी केला. फार वाईट वाटत होतं. आमची आणि त्यांची भिंत एकच, आणि इतक्या महिन्यांत आमच्या घरातल्या कुणाला याचा पत्ता नव्हता.

"तुझ्या कामाचं हाय का ते?" अप्पांनीच विचारलं.

"हाय," मी म्हटलं. खोटं बोलणं जमलं नाही.

"भ्या वाटंल लोकांला?"

"लई वाटंल, अप्पा."

त्यांनी मान हलवली. "मग ठेव की. तुझं वरीस वाया जायला नको." माउसवर हात ठेवून ते जरा थांबले. "पर हे कमलकडंबी जाणार ना?"

"तुम्हीच म्हणाला होतात."

"व्हय, मीच म्हणलतो." त्यांनी चष्मा काढून परत घातला. "ती काय भिणार न्हाई. ती बॅग भरंल. संध्याकाळच्या येष्टीनं निघंल, आन् मग त्या लेकराला कोण बघंल? सूनबाईची नोकरी नवी हाय."

मी म्हटलं, काकूंना वेगळं पाठवू, कॉलेजला वेगळं देऊ. अप्पा म्हणाले, "आपल्या गल्लीतली गोष्ट पुण्याला पोचायला किती टाइम लागतो? तुझी आईच फोन करंल." ते खरंच होतं. आईनं पदर खोचून फोन केला असता.

मग मी बाजूला सरकले आणि ते काम अप्पांनी स्वतः केलं. कडी वाजते तिथं एक काप, हसणं संपतं तिथं दुसरा. मधला तुकडा उडवला आणि तेवढ्या जागेत पारव्याचा आवाज ताणून बसवला. आयुष्यभर बँड बसवलेला हात, सांधा कुठंच कळला नाही.

सरांनी प्रोजेक्ट पाहिला. म्हणाले, उजेड फार आहे, फुलं कशाला आहेत ते कळत नाही, आणि मधे काहीतरी घडणार असं वाटतं पण घडत नाही. पास केलं. बी.एड. टळलं. मी बसस्टँडवरूनच दोन्हीकडं लिंक पाठवली, अप्पांना आणि काकूंना.

दोन दिवसांनी दुपारी मी दुकानात गेले, तर अप्पांनी मला स्टुलावर बसवलं आणि फोन पुढं धरून काकूंचा आवाजातला मेसेज लावला. मागं नातू भांडं आपटत होता.

"अवो, बघितलं बरं का. पुरतं बघितलं, दोनदा! नाव लई ठळक आलंय तुमचं, सूनबाईलाबी दाखिवलं. भुताचं हाय म्हणतेत, मला तर आपलं सैपाकघरच दिसलं. काय लख्ख ठिवलंय हो! डबे घासलेले, फरशी पुसलेली, दाराला तोरण. मला इथं उगंच घोर लागलता, मानूस येकटं काय खात आसंल, कसं राहत आसंल. आता जीव भांड्यात पडला. म्हणून म्हणते, पंचमीला येत न्हाई मी. ह्या लेकराचे दात निघायलेत. दिवाळीलाच येते. तुमचं चालंल ना?"

अप्पांनी फोन तोंडाजवळ नेला, बटण दाबलं आणि नेहमीच्या दुकानातल्या आवाजात म्हणाले, "चालंल की. न चालायला काय झालं? तू लेकराकडं बघ." बटण सोडलं. मेसेज गेल्याची खूण दिसेपर्यंत ते पडद्याकडं बघत राहिले.

"दोनदा बघितलं म्हणती," ते मला म्हणाले.

"ऐकलं, अप्पा."

"न झोपता."

मी म्हटलं, आईनं आज वांग्याचं भरीत आणि भाकरी केलीय, चला आमच्याकडं जेवायला, आणि आता रोजच येत जा. अप्पांनी उठून दुकानाचं शटर अर्धं ओढलं, खिशातल्या किल्ल्या चाचपल्या.

"उद्यापासून येतो की," ते म्हणाले. "आज घरी जाऊ दे. दोनदा बघितलं म्हणून सांगायचं हाय."

कुणाला, ते मी विचारलं नाही.