लॉयडराव लुंडग्रेन यांनी कॉर्नास्लीव्हचे आप्त सर केले त्याचे वर्तमान

किलमकारा गावच्या समस्त मंडळींचे सेवेसी, गावचा टपालवाला मॅलकी अर्ली याचा अर्ज ऐसा जे, अमेरिकेहून आलेले लॉयडराव लुंडग्रेन यांनी आपले रक्ताचे माणूस शोधण्याकरिता या मुलखात जी मोहीम केली, तिची हकिगत गावात सात तऱ्हांनी सांगितली जाते आणि सातही तऱ्हांत सांगणाराच शूर ठरतो. सबब जे खासा डोळ्यांनी पाहिले आणि कुंपणाआडून कानांनी ऐकले, तेवढेच कलमबंद केले आहे. कोठे अक्षर फुटले असेल तर तो पावसाचा दोष जाणावा.

लॉयडराव म्हणजे मोंटाना प्रांती ब्यूट शहरचे, चाळीस वर्षे शाळेची बस हाकून निवृत्त जाहलेले, वय एकाहत्तर, देह उंच, आवाज त्याहून उंच. आडनाव स्वीडनचे, परंतु आजी आमच्या आयरिश मुलखातल्या लीट्रिम परगण्याची, नाव विनिफ्रेड गलॉग्ली. एकोणीसशे अकरा साली ती जहाजावर चढली ती पुन्हा या मातीवर उतरली नाही. लॉयडरावांस तिनेच वाढविले. पुढे आजी गेली, आणि कालांतराने कुटुंब वारले, आणि मूलबाळ नव्हते, आणि मागल्या नाताळात मेजावर एकच ताट मांडताना चित्तास ऐसे वाटले की पृथ्वीवर आपले म्हणावे ऐसे एक तरी माणूस असावे. मग नळीत थुंकून ती थुंकी परीक्षेस रवाना केली, आणि जबाब आला की मूळ लीट्रिमकडील, अधिक ठाव नाही. मग पासपोर्ट काढिला, आणि रेनकोट घेतला, आणि सन दोन हजार एकोणीस, माहे जून, आठ दिवसांची मुदत बांधून, आजीच्या तोंडी ऐकलेल्या किलमकाऱ्यावर चालून आले.

पहिली गाठ फिंटन गलॉग्ली यांशी पडली. हे सरदार गावचा पबही चालवितात आणि प्रेतयात्रांचा बंदोबस्तही पाहतात, म्हणजे माणूस कोणत्याही दाराने गेला तरी गिऱ्हाईक त्यांचेच. आडनाव ऐकताच त्यांनी लॉयडरावांस मिठी घातली.

"गलॉग्लींचा नातू? अरे, मग तू आपलाच की! ते नाक बघा, नाक! आमच्या बापाचंच उचलून लावलंय!"

मग फिंटनरावांनी पाहुण्यास तीन दिवस घरोघर मिरविले, आणि प्रत्येक घरी चहाचे मोर्चे लागले, आणि हॅमच्या सँडविचांची फौज चारी बाजूंनी चालून आली. लॉयडरावांनी "नको" म्हणून पाहिले, परंतु या मुलखात ते उत्तर दप्तरी घेत नाहीत. तिसऱ्या दिवशी पँटचे बटण धारातीर्थी पडले.

चवथ्या रोजी फिंटनरावांनी पाहुण्यास कबरस्तानात नेऊन शेवाळलेल्या एका दगडापुढे उभे केले आणि जाहीर केले की हे पीटर गलॉग्ली, आपले पणजोबा. लॉयडरावांनी टोपी काढिली, आणि गुडघे टेकले, आणि ढसढसा रडले. इतक्यात चर्चच्या दप्तरखान्याची कारभारीण कन्सेप्टा मॅकगोल्ड्रिक तेथे गवत उपटीत होती ती उठून आली.

"फिंटन, हे का रडतायत?"

"पणजोबा आहेत त्यांचे. पीटर."

कन्सेप्टाबाईंनी किल्लीने शेवाळ खरवडिले, तो नावाआधी 'फादर' ऐसी अक्षरे निघाली. "ह्या फादरना पणतू असतील, तर मला आत्ताच बिशपना फोन करावा लागेल. करू?"

फिंटनराव टोपी सावरीत मागे हटले. म्हणाले, "असू दे की. त्यांच्यासाठी शंभर वर्षांत कुणी रडलं नव्हतं. वाया नाही गेलं काही." मग सरदारांनी पबकडे कूच केले.

तदनंतर कन्सेप्टाबाईंनी लॉयडरावांस दप्तरखान्यात नेऊन बाप्तिस्म्यांच्या जुन्या वह्या उघडिल्या. अक्षर ऐसे की शाईत बुडालेली कोंबडी पानावरून पळाली. दोन प्रहर झुंज चालली, आणि मग अठराशे ब्याण्णव सालच्या पानावर विनिफ्रेड सापडली, बाप टॉमस, वाडी कॉर्नास्लीव्ह, आणि चार पाने मागे तिची थोरली बहीण मेरी ॲन.

"मेरी ॲनची नात आहे अजून," कन्सेप्टाबाई म्हणाल्या. "टेकडीवरची डिम्फ्ना मॅकटर्नन."

"म्हणजे माझी बहीणच की! कशी आहे स्वभावानं?"

"तुम्ही केक घेऊन जा," इतकेच उत्तर मिळाले.

डिम्फ्नाबाई, वय एकोणऐंशी, कॉर्नास्लीव्हच्या टेकडीवर मेंढ्यांसमवेत एकट्या राज्य करीत. पाचव्या रोजी लॉयडराव केक घेऊन फाटकाशी हजर जाहले. मी टपाल घेऊन मागेच होतो. आतून कुत्रे आले, आणि कुत्र्यामागून बाई आल्या.

"कोण तू?"

"बाई, मी लॉयड. विनिफ्रेडचा नातू. तुमची आजी नि माझी आजी सख्ख्या बहिणी."

"माझ्या आजीला बहीण नव्हती. एक चोरटी होती घरात, ती अमेरिकेला पळाली."

"चोरटी? काय चोरलं तिनं?"

"बूट!"

हकिगत ऐसी जे, टॉमसच्या घरी धड बुटांचा एकच जोड, तो मेरी ॲनच्या लग्नाकरिता घेतलेला. लग्नास आठ दिवस असता विनिफ्रेड पहाटे तो पायी घालून बंदराकडे चालती जाहली. मग मेरी ॲन भर पावसात दीड कोस अनवाणी चर्चला गेली, आणि वराकडील माणसे हसली, आणि ते हसू या घराण्यात एकशेआठ वर्षे कोणी विसरले नाही.

बाईंनी हुकूम सोडिला की स्वारीने तात्काळ माघार घ्यावी. "केक मात्र ठेव त्या खांबावर."

सहाव्या रोजी फिंटनरावांच्या मसलतीने उत्तम चामड्याचे नवे बूट नजराणा म्हणून पाठविले. ते फाटकावरून परत आले, एक रस्त्यावर आणि एक माझ्या पाठीत.

सातव्या रोजी लॉयडराव पावसात रिकाम्या हाती टेकडी चढले. तो थोर आवाज त्या दिवशी बसला होता.

"बाई, मी उद्या निघतोय. माफी मागायला नाही आलो, ती माझ्या हातात नाही. एक गोष्ट सांगतो नि जातो. माझी आजी दरसाल जूनमधल्या एका रविवारी अनवाणी चर्चला जायची. खडीच्या रस्त्यानं. मी पोर, लाजेनं मरायचो. का गं आजी, विचारलं की म्हणायची, 'आज मेरी ॲनचं लग्न आहे.' मला वाटायचं, म्हातारीला भ्रम झालाय. मेरी ॲन कोण, ते मला परवा वहीत दिसलं. आणि अनवाणी का, ते तुमच्या ह्या फाटकात कळलं."

कुत्रे खाली बसले.

"किती वर्षं गेली अशी?"

"मरेपर्यंत."

"पाऊस असला तरी?"

"ब्यूटला जूनमध्ये कधीकधी बर्फ पडतं."

"बर्फात? अनवाणी?"

"हो."

"घरात कपाटभर बूट असून?"

"हो."

"येडीच होती मग."

"होती, बाई."

"म्हणजे आमच्यातलीच." बाईंनी फाटकाचा अडसर काढिला. "आत ये. पाय पूस. आणि बाई काय बाई? मोठी आहे तुझ्यापेक्षा, ताई म्हण. ए मॅलकी, तूही ये, कुंपण मोडशील माझं."

तह त्याच दुपारी चुलीपाशी जाहला. लॉयडरावांनी दर नाताळास या घरी हजर व्हावे, आणि मेंढ्यांस नावे ठेवू नयेत, आणि बोलणे हळू बोलावे, ऐसे ठरले. मग सायंकाळी सहाच्या घंटेला डिम्फ्नाबाईंनी जपमाळ घेतली आणि घराण्यातील मृतांसाठी नावे घेऊन प्रार्थना करू लागल्या. मेरी ॲनचे नाव जाहले. मग बाईंनी पुढील मणी धरिला आणि एकशेआठ वर्षांत त्या घरी प्रथमच उच्चारले, "आणि तिची बहीण विनिफ्रेड." लॉयडरावांनी रुमाल काढिला. अश्रू या खेपेस योग्य पत्त्यावर पडले, ऐसे टपालवाला या नात्याने प्रमाणित करतो.

मग जिवंतांची पाळी आली. "आणि हा लॉयड," बाई म्हणाल्या, "ओरडून बोलतो, पण आपला आहे." त्यांस प्रार्थनेच्या यादीत मेंढ्यांच्या पुढे आणि लीट्रिमच्या सदा हरणाऱ्या फुटबॉल संघाच्या वर जागा मिळाली. येणेप्रमाणे कॉर्नास्लीव्ह फत्ते जाहले. संघाचे काही होईल ऐसे दिसत नाही.