खैरदरी असल्याचा पुरावा

२००७ सालच्या जानेवारीत, जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगच्या कम्युनिटी रूममध्ये, हडसनतीर मराठी मंडळाच्या कार्यकारिणीने ठराव क्रमांक चौदा एकमताने संमत केला. मराठी भाषा वाचवायची, असा तो ठराव होता. ठराव क्रमांक तेरा संक्रांतीच्या बटाटेवड्यांबद्दल होता आणि त्यावर पाऊण तास खल झाला. चौदाव्याला चार मिनिटे पुरली.

भाषा कधीपर्यंत वाचवायची हेही ठरलेले होते. जुलैच्या लाँग वीकेंडला संमेलन होते, आणि इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात तोवर दहा हजार लेख असतील, असे अध्यक्ष श्रीरंगकाकांनी मागल्या संमेलनात भर स्टेजवरून सांगून टाकले होते. त्या घडीला लेख होते सहा हजार दोनशे. शेजारच्या एका भाषेचे नऊ हजार झाले होते. तिचे नाव घेत नाही, कारण त्यांचे मंडळ आमच्याच बिल्डिंगमध्ये आठव्या मजल्यावर भरते आणि लिफ्ट एकच आहे.

मी, परीक्षित आसगावकर, या कामाचा पडताळणी सचिव झालो. दिवसा मी मॅनहॅटनमधल्या एका बँकेत सॉफ्टवेअरचे टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्याने केलेले काम नाकारण्याचा मला अकरा वर्षांचा अनुभव आहे.

पहिल्याच बैठकीत अडचण आली. चार हजार लेख लिहायचे तर चार हजार विषय हवेत, आणि विषयांची माहिती असायला हवी. तेव्हा डेटाबेसमध्ये काम करणारा आमचा शंतनू उठला आणि म्हणाला, "काका, फ्रान्स!"

"फ्रान्सचं काय?"

"तिथे प्रत्येक गावाला कम्यून म्हणतात. गाव केवढंही असू दे. टोटल छत्तीस हजार आहेत, आणि सगळ्यांचा डेटा एका फाइलमध्ये रेडी आहे. लोकसंख्या, उंची, क्षेत्रफळ, मेयरचं नाव. मी एक स्क्रिप्ट मारतो यार, दोन वीकेंडमध्ये खेळ खलास."

श्रीरंगकाकांचे डोळे पाणावले. छत्तीस हजार गावे बाळगणारा देश मराठीच्या भल्यासाठीच जन्माला आला आहे, असे ते म्हणाले आणि तसे इतिवृत्तात नोंदवले गेले.

प्रत्येक लेखाला तीन मथळे सक्तीचे होते: भूगोल, इतिहास आणि लोकजीवन. भूगोल फाइलमधून आपोआप यायचा. इतिहासासाठी 'गावाला प्राचीन परंपरा आहे' हे वाक्य मंजूर झाले. लोकजीवन मात्र माणसानेच लिहावे, नाहीतर आपल्यात आणि यंत्रात फरक काय, असा मुद्दा निघाला. म्हणून घरटी पंचवीस गावे वाटली आणि नमुन्यादाखल एक वाक्य दिले: 'येथील लोक कष्टाळू व सणप्रिय आहेत.' सर्वांनी माणुसकीने तेच उतरवले.

आमच्या वाट्याला आलेल्या पंचविसात सां-फिर्मेल-सुर-लुझ नावाचे गाव होते. लोकसंख्या एकाहत्तर, उंची दोनशे चौदा मीटर, काठाने लुझ नदी. माझी मुलगी आन्या नऊ वर्षांची. ती मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत जाते. तिथे सहामाहीला प्रश्न आला, 'सां-फिर्मेलचे लोक कसे आहेत?' आन्याने एका दमात उत्तर लिहिले आणि तिला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. परतताना गाडीत तिने विचारले, "डॅड, सणप्रिय मीन्स व्हॉट?" मी तिला रस्त्याकडे बघायला सांगितले.

इथवर सगळे सुरळीत चालले होते. मग माझ्या बायकोने, सुचित्राने, खऱ्या गावावर लेख लिहिला.

गाव तिच्या माहेरचे, खैरदरी. तिचे वडील अण्णा तिथे चाळीस वर्षे पोस्टमन होते. दोन वर्षांपूर्वी खैरदरीचे पोस्ट बंद करून शेजारच्या मोठे पिंपळ्यात विलीन केले. तेव्हापासून पत्रांवर मोठे पिंपळे, गॅसच्या पुस्तकावर मोठे पिंपळे, यंदा तर गावच्याच एका लग्नाच्या पत्रिकेवर मुक्काम मोठे पिंपळे छापून आले. अण्णा ऐंशीचे आहेत. गुडघे गेले, दात गेले, त्याची त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण त्या पत्रिकेनंतर ते फोनवर सुचित्राला म्हणाले, "बाळ, नाव पुसत चाललंय गं. कुठंतरी लिहून ठेवा. मी असेपर्यंत एकदा बघितलं म्हणजे झालं."

सुचित्राने तीन आठवडे खपून लेख लिहिला. खैरदरीचा ओढा कोणत्या खडकाखालून निघतो, गावाला दोन वेशी का आहेत, पटकीच्या साथीत अर्धे गाव माळावर राहायला गेले ते परत का आले नाही, सगळे त्यात होते. मी तो एका बैठकीत वाचला. मला फार आवडला. म्हणून फार वाईट वाटून, नकाराचा छापील फॉर्म भरून, मी तो नाकारला.

"नमुना ख?" फॉर्म हातात घेऊन सुचित्रा म्हणाली. "अरे, मला घरात फॉर्म देतोस?"

"ईमेलपण केलाय. प्रोसेस आहे ती. प्रकाशित संदर्भ नाही, सुचित्रा."

"आणि त्या तुझ्या फ्रेंच लोकांच्या कष्टाळूपणाला कुठला संदर्भ आहे?"

"ते स्टँडर्ड वाक्य आहे. स्टँडर्डला संदर्भ लागत नाही."

त्या दिवसापासून आमच्या घरात डब्याची भाजी मी करू लागलो.

अण्णांना फोनवर मीच समजावले, की पुरावा लागतो. "पुरावा?" ते म्हणाले. "परीक्षितराव, चाळीस वर्षं त्या गावात टपाल वाटलंय मी. गाव नव्हतं तर वाटत कुणाला होतो?" तरीही सरकारी नोकरीत आयुष्य गेलेला माणूस, कागद मागितल्यावर कागद देणारच. त्यांनी नऊ पानी पत्र पाठवले. सोबत हाताने काढलेला नकाशा होता. त्यात घर न् घर होते, आणि कोणाकडे कुत्रे चावते त्याची खूणही होती. समितीने तो आदराने हातोहात फिरवला आणि तीन कारणांस्तव नाकारला: मजकूर अप्रकाशित, लेखक गावाचाच रहिवासी, आणि पडताळणी सचिवाचा सासरा. तिसरे कारण मीच सुचवले. पारदर्शकतेबद्दल माझे अभिनंदन झाले.

मग अण्णा काठी टेकत तलाठ्याकडे गेले. गाव अस्तित्वात असल्याचा दाखला द्या म्हणाले. तलाठी सज्जन होता. त्याने सांगितले की असा दाखला देण्याची तरतूद नाही. गाव अस्तित्वात नाही अशी कोणी तक्रार केली, तर मात्र चौकशी लावून तसे लेखी देता येईल.

"तक्रार कोण करणार?" अण्णांनी विचारले.

"तुम्हीच करा की. नाहीतर असं करा, तुमची लेक अमेरिकेत आहे ना? इंटरनेटवर गावाचं पान असेल, त्याची प्रिंट आणा. लगेच सही करतो."

अण्णांनी हे मला जसेच्या तसे सांगितले. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते.

मे महिन्यात मंडळाच्या पत्त्यावर एक ईमेल आला. लिहिणाऱ्या होत्या सां-फिर्मेल-सुर-लुझच्या मेयर, मादाम ओडील. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी लिहिले होते की त्यांच्या गावाची शेवटची बातमी जिल्ह्याच्या पेपरात नऊ वर्षांपूर्वी आली, तीही गावातली एकमेव बेकरी बंद झाली म्हणून. आता जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी त्यांच्याबद्दल इतक्या सुंदर लिपीत लिहिले, हे पाहून गावातल्या म्हाताऱ्यांना रडू आले. लेखाची प्रिंट त्यांनी कचेरीच्या दारावर लावली होती. लेखात काय लिहिले आहे, एवढे फक्त कळवावे, अशी त्यांची विनंती होती. शिवाय दोन बारीक दुरुस्त्या होत्या. गावात आता एकाहत्तर नाही, अडुसष्ट लोक आहेत. आणि लुझ नदी आजोबांच्या काळात कालव्यात वळवली, ती आता गावाजवळ नाही.

समितीने दुरुस्त्यांवर रीतसर विचार केला. मजकूर अप्रकाशित होता आणि लेखिका गावाचीच रहिवासी होती. मादामना नमुना ख पाठवण्यात आला. तीन माणसे आणि एक नदी आमच्या लेखात आजही शाबूत आहेत.

लेखात काय आहे याचे उत्तर मात्र कोणाच्याने लिहवेना. ते काम सुचित्राने घेतले. तिने मादामना खरे काय ते कळवले, माफी मागितली, आणि पुढे लिहिले की माझ्याही वडिलांच्या गावाचे असेच झाले आहे. अण्णांची नऊ पाने तिने इंग्रजी करून पाठवली, नकाशा आणि त्यांचा एक जुना फोटोही पाठवला.

जूनच्या शेवटी फ्रान्सहून जाड पाकीट आले. सां-फिर्मेलची कचेरी दर तीन महिन्यांनी गावासाठी एक पत्रक छापते. त्याची मधली दोन्ही पाने खैरदरीची होती. अण्णांचा नकाशा, खाकी पिशवी अडकवलेला त्यांचा फोटो, फ्रेंचमध्ये ओढ्याची हकिगत, आणि चावऱ्या कुत्र्याची खूणसुद्धा.

सुचित्राने ते माझ्यासमोर टेबलावर ठेवले. "घे. प्रकाशित आहे, लेखिका गावातली नाही, आणि तुझी सासूही नाही."

समितीत आनंदीआनंद झाला. श्रीरंगकाका उभे राहून म्हणाले, "अरे, फॉरेनचा संदर्भ! आता कोणाची टाप आहे?" त्या दिवशी आकडा नऊ हजार नऊशे नव्याण्णव होता. दहा हजारावा लेख खैरदरीचाच असावा, असे ठरले. फक्त सुचित्राचा मूळ लेख तसाच्या तसा घेता येईना, कारण तो नमुना ख ने नाकारलेला होता आणि नाकारलेले परत घेण्याचा नमुनाच नव्हता. म्हणून शंतनूने संदर्भ स्क्रिप्टला घातला. स्क्रिप्टला एकच देश ठाऊक होता. संमेलनात दीड हजार लोकांसमोर, मोठ्या पडद्यावर, टाळ्यांच्या कडकडाटात दहा हजारावा लेख उमटला:

'खैरदरी हे फ्रान्समधील एक गाव आहे. गावाला प्राचीन परंपरा आहे. येथील लोक कष्टाळू व सणप्रिय आहेत.'

सुचित्रा टाळ्या न वाजवता बाहेर निघून गेली. मी वाजवल्या. मी पदाधिकारी होतो.

दुरुस्ती होईल, असे मी तिला सांगितले, आणि दुरुस्तीचा अर्ज अजून माझ्याकडेच पडताळणीत आहे. मधल्या काळात अण्णा एस.टी.ने तालुक्याला गेले आणि सायबर कॅफेत बसून त्यांनी ते पान पाहिले. त्याची प्रिंट घेऊन तलाठ्याकडेही गेले. फ्रान्स आपल्या सज्ज्याच्या हद्दीत येत नाही म्हणून त्याने सही दिली नाही. मला अण्णांना फोन करायची लाज वाटत होती. शेवटी त्यांचाच आला.

"वाचलं हो परीक्षितराव. नाव आलं. पत्ता चुकलाय, पण चुकीच्या पत्त्याची हजारो पत्रं पोचवलीत मी. हेही पोचेल कधीतरी." मग त्यांनी विचारले, "एक विचारू? तुमचं आडनाव आसगावकर. मग तुमचं आसगाव कसं आहे हो? ओढा की नदी? कुठल्या अंगानं वाहते?"

मी पुण्यात वाढलो. आजोबाही पुण्यातच वारले. सां-फिर्मेलची उंची मला झोपेतही सांगता आली असती. अण्णा तिकडे वाट पाहत होते, आणि माझ्या तोंडून पडताळणी सचिवाच्या सरावाने वाक्य निघाले, "तिथले लोक कष्टाळू आहेत, अण्णा. आणि सणप्रिय."

ते हसले नाहीत. "असतील," म्हणाले आणि फोन ठेवला.

आपण मात्र मघापासून हसत आहात, हे माझ्या लक्षात आले आहे. हरकत नाही. आपल्याही आडनावाच्या शेवटी बहुधा 'कर' असेल. नसेल, तर आजोबांना त्यांचे गाव विचारलेले आठवत असेल. त्या गावचा ओढा कोणत्या खडकाखालून निघतो, एवढेच तीन ओळींत लिहून आमच्याकडे पाठवावे. संदर्भ जोडण्याची गरज नाही. आपल्यासाठी नमुना ख मी कोराच ठेवला आहे, कारण त्या तीन ओळी येणारच नाहीत, याची माझी पडताळणी आधीच झाली आहे.